रत्नमालाबाई आणि सुरू न होणारी फियाट

फियाटचं इंजिन नव्यासारखं झालं आणि नेमकी त्याच दिवशी गाडी सुरू व्हायची थांबली.

जयपूरच्या झोटवाड्यात, बसच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, छीतरमल मिस्त्रींचं गॅरेज आहे. वर पत्रा, पुढे कडुनिंबाचं झाड, झाडाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. तिलक नगरात राहणाऱ्या आनंदराव पोळांची १९८९ सालची फिकट निळी फियाट तिथे दोन महिने उघडी पडली होती. सिलिंडरना बोअर झाला, रिंगा बदलल्या, बेअरिंगं आली, आणि शेवटी इंजिनाला चकचकीत काळा रंग देऊन छीतरमलजींनी ते परत जागेवर बसवलं. उदबत्ती लावली, हात जोडले आणि किल्ली फिरवली.

आतून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. सेल्फ अर्धवट फिरला आणि थांबला. पुन्हा किल्ली फिरवली तर डॅशबोर्डमागून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्या गॅरेजात पसरला.

बाजारातला वायरिंगवाला बोलावला. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं, दोन-चार वायरी ओढून पाहिल्या आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "पूरी वायरिंग जल गई है, मिस्त्रीजी. अब इसमें कुछ नहीं बचा." एवढ्या जुन्या गाडीच्या वायरिंगचा तयार संच आता कुठे मिळत नाही, हेही सांगून तो निघून गेला. छीतरमलजींनी जड मनानं तिलक नगरला फोन लावला.

फोन आनंदरावांनी घेतला. ते सगळं ऐकून घेत "हां, हां" म्हणत राहिले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. रत्नमालाबाई भाजी निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहूनच त्यांनी विळी बाजूला सारली.

"काय झालं हो?"

"काही नाही. गाडीचं वायरिंग जळलं म्हणे. असू दे की आता. आपलं वय झालं, तिचंही झालं."

आनंदराव विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले, वडूजकडचे. एक्क्याण्णव साली बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. बदली होऊन निघालेल्या एका सहकाऱ्याकडून दोन वर्षांनी त्यांनी ही फियाट घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं तिला स्वतःच्या हातानं पुसलं. मग डोळ्यांत काचबिंदू उतरला. आता समोर माणूस उभा असला तर उभा आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. गाडी चालवणं सुटलं, तेव्हापासून स्टिअरिंग रत्नमालाबाईंच्या हाती आलं. बस आणि रिक्षात आनंदराव बावरत. पायरी कुठे, दांडा कुठे, काही समजत नसे. पण फियाट त्यांना बोटांनी पाठ होती. दाराचं हँडल, काच खाली करायची मूठ, समोरचा कप्पा, सगळं ते न चाचपडता पकडत. त्या सीटवर बसले की ते पहिल्यासारखे होत, रस्त्यावरच्या वासांवरून आणि वळणांवरून आपण कुठे आलो ते सांगत. गेले दोन महिने गाडी नव्हती, तर ते फाटकापलीकडे गेले नव्हते.

त्यात नोंदणीची मुदत संपत आली होती. पुढच्या गुरुवारी परिवहन कार्यालयात गाडी तपासणीला न्यायची होती, स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर. ती तारीखसुद्धा एकदा पुढे ढकलून मिळालेली.

रत्नमालाबाईंनी विचारलं, "धूर नेमका कुठनं आला म्हणाले?"

"डॅशबोर्डमागनं."

"आणि फ्यूज?"

"ते काही बोलले नाहीत."

"मग सगळं वायरिंग जळलं हे त्यांना कुणी सांगितलं?"

आनंदराव खुर्चीत सावरून बसले. चौतीस वर्षांच्या संसारात हा स्वर त्यांनी पुष्कळदा ऐकला होता. बाईंना एखाद्या फॉल्टचा वास लागला की त्या अशाच बोलत.

रत्नमालाबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, पहिली चार वर्षं साताऱ्याला आणि उरलेली तीस जयपूरला. त्या टेस्ट डेस्कवर बसत. कानाला हेडफोन, समोर मीटर. फोन बंद असल्याची तक्रार आली की त्या ती लाइन तपासत आणि बिघाड घरात आहे, खांबावर आहे की जमिनीखालच्या केबलमध्ये आहे, ते सुईच्या हलण्यावरून सांगत. लाइनमन कुदळ घेऊन निघण्याआधी विचारत, "मैडम, कितने मीटर पे?" आणि बाईंनी सांगितल्यापासून हातभर इकडेतिकडे खणलं की तुटका जोड सापडे. हे काम कुणाला दिसत नसे. फोन चालू झाला की लोक लाइनमनला चहा पाजत.

निवृत्त होईपर्यंत शहरात ऑप्टिकल फायबरचे काचेचे धागे आले होते, तांब्याच्या केबली उपटून नेल्या जात होत्या. एकदा सी-स्कीम भागातल्या फुटपाथवर उपटलेल्या केबलींचा ढीग पाहून त्या थबकल्या होत्या. तो हिरवा-निळा गुंता त्यांनी जोडी-जोडीनं ओळखला. घरी आल्यावर त्यांनी मीटर कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला होता.

तो मीटर सोमवारी सकाळी त्यांनी खाली काढला. सेल बदलले. ब्रेकलाइटच्या जुन्या बल्बला दोन वायरी डागून टेस्ट लॅम्प केला. सोल्डरिंगची कांडी, पक्कड, पॉलिश पेपर आणि तीन मीटर वायर पिशवीत टाकली, आनंदरावांसाठी पोळीभाजी झाकून ठेवली आणि झोटवाड्याची बस पकडली.

छीतरमलजी त्यांना पाहून ओशाळले. पंचावन्नचे गृहस्थ, हात कोपरापर्यंत काळे, चाळीस वर्षं याच कामात. त्यांना वाटलं, बहनजी भांडायला आल्या. गेले तीन आठवडे त्यांची आई दवाखान्यात होती आणि ते सकाळी गॅरेज, दुपारी दवाखाना असे धावत होते. तेच ते सांगू लागले.

"आई कशी आहे आता?" बाईंनी विचारलं. दोघांचं बोलणं हिंदीतच चाललेलं.

"घरी आणली काल."

"बरं झालं. मग आता जरा गाडी बघू या. मला फक्त दोन सेकंद सेल्फ मारून दाखवा. दोनच."

त्यांनी किल्ली फिरवली. तोच कण्हल्यासारखा आवाज. बाईंनी हात डॅशबोर्डखाली घातला आणि झटकन मागे घेतला. चोकची तार चांगलीच तापली होती. तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण वितळून ओघळलेलं होतं. धूर तिथलाच होता. त्यांनी फ्यूजचं झाकण काढलं. सगळे फ्यूज धड. वायरींवरून एकेक करून बोटं फिरवली. कुठे करपलं नव्हतं, कुठे कडक झालं नव्हतं.

"छीतरजी, चोकच्या तारेत वीज असते का?"

"नाही हो. ती नुसती ओढायची तार. कार्ब्युरेटरला जाते."

"मग ती तापली कशानं?"

छीतरमलजींनी वाकून तारेकडे पाहिलं. बाई जवळच्या स्टुलावर बसल्या. चोकची तार गाडीच्या अंगापासून निघून इंजिनाला जाऊन मिळते. वीज बॅटरीतून निघाली की तिला परत बॅटरीकडे यावंच लागतं. जायची वाट जाड केबलची आहे, ती समोर दिसतेय. यायची वाट बंद असेल तर? मग ती मिळेल त्या गल्लीबोळातून येणार. एवढा सेल्फचा लोंढा त्या काडीएवढ्या तारेतून परत येत असेल तर ती लालच व्हायची.

त्यांनी इंजिनाच्या एका कोपऱ्यावरचा नवा काळा रंग पॉलिश पेपरनं खरवडला. मीटरची एक पिन तिथे टेकवली, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. "आता मारा सेल्फ."

काटा जागचा हलायला नको होता. तो आठ व्होल्टवर गेला.

"इंजिनाचं अर्थिंग तुटलं आहे," बाई म्हणाल्या. "इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं काहीतरी असणार. जाड काहीतरी. कुठे असतं ते?"

छीतरमलजींनी कपाळाला हात लावला, तसा कपाळावर काळा पंजा उमटला. ते मागच्या फळीकडे गेले, सुटे भाग धुवायचा रॉकेलचा डबा ओढला आणि तळातून बोटभर रुंदीची, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी बाहेर काढली. इंजिन उतरवताना सोडवलेली ती पट्टी, इंजिन परत बसवायची तयारी करताना त्यांनीच धुवायला टाकली होती. त्याच दिवशी दवाखान्यातून पहिला फोन आला होता.

"चाळीस वर्षांत असं झालं नाही," ते म्हणाले.

"माझ्याकडून एकदा अख्ख्या वस्तीचे फोन उलटे जोडले गेले होते," बाई म्हणाल्या. "कुणी कुणाला लावावा आणि कुणाला लागावा. आणा ती पट्टी."

दोन्ही टोकांखालचा रंग घासून धातू उघडा केला, पट्टी कसून बसवली. या वेळी किल्ली फिरवताच सेल्फ असा गरगरला की बॉनेट थरथरलं. छीतरमलजींच्या ओठांवर कित्येक दिवसांनी हसू आलं. वायरिंग शाबूत होतं. एक वायरसुद्धा जळलेली नव्हती.

गाडी मात्र सुरू झाली नाही. इंजिन फिरत राही आणि मध्येच कार्ब्युरेटरमधून फटाका फुटल्यासारखा बार निघे. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले लोक बघायला आले आणि पुढच्या बाराला चार पावलं मागे सरले.

"ठिणगी तर पडतेय," छीतरमलजींनी प्लग बाहेर काढून दाखवला.

"पडतेय, पण वेळेवर पडते का?" बाई म्हणाल्या. "इंजिनातलं मला काही कळत नाही. ठिणगी केव्हा पडायला हवी, ते तुम्ही मला शिकवा. अगदी पहिल्यापासून."

छीतरमलजींना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी खडू घेतला आणि जमिनीवर सिलिंडर काढला, त्यात पिस्टन. हवा-पेट्रोल आत येतं, मग पिस्टन वर येऊन ते दाबतो, मग ठिणगी, मग पिस्टन खाली, आणि पुन्हा वर येऊन जळलेला धूर बाहेर ढकलतो. ठिणगीची वेळ लावायची तर पुढच्या पुलीवरची खूण जुळवायची आणि डिस्ट्रिब्युटर बसवायचा, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणारा डबा.

बाई त्या चित्राकडे पाहत राहिल्या. "म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दाबायला, एकदा धूर ढकलायला."

"हां जी."

"आणि पुलीवरची खूण?"

"तीही दोनदा जुळते."

"मग तुम्ही डबा बसवला तेव्हा कुठली वेळ होती?"

छीतरमलजींचा खडू हातातच राहिला. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, झोपेतही माहीत होतं. पण पाठ असलेली गोष्ट घाईत निसटते तशी ती निसटली होती. त्यांनी पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि बाईंना पुढून हँडल फिरवायला सांगितलं. फियाटला लोखंडी हँडल घालून हातानं इंजिन फिरवता येतं. त्रेसष्ट वर्षांच्या रत्नमालाबाईंनी पदर खोचला आणि हँडल धरलं. पहिल्या फेरीत अंगठा तसाच राहिला. दुसऱ्या फेरीत आतल्या दाबानं तो फट्‌दिशी उडाला.

"बस, इथेच थांबा."

खूण बरोबर जुळलेली होती. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचललं. आतलं वाटप करणारं पातं पहिल्या सिलिंडरकडे तोंड करून असायला हवं होतं. ते बरोबर उलट दिशेला, चौथ्याकडे पाहत होतं. ठिणगी सगळा वेळ अर्ध्या चकरेनं चुकत होती.

डबा उचलून फिरवला, पुन्हा बसवला, आवळला. दुपारचे चार वाजले होते. छीतरमलजी किल्ली बाईंच्या पुढे धरून म्हणाले, "आप लगाइए."

बाई सीटवर बसल्या. चोक ओढला, किल्ली फिरवली. एक, दोन, आणि फियाट धडधडत उभी राहिली. निळा धूर सोडला, जरा खोकली आणि मग तिचा ओळखीचा, शिवणयंत्रासारखा आवाज सुरू झाला. वेल्डिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. छीतरमलजींनी डोळे पुसले ते धुरामुळे असं म्हणायला जागा होती.

तेवढ्यात बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली. उभी असताना छान चाले. जरा वेग वाढवला की विझे. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. उन्हं उतरायला लागली तसं बाईंनी हात धुतले. "उद्या," त्या म्हणाल्या.

मंगळवारी छीतरमलजींना आईला तपासायला न्यायचं होतं म्हणून गॅरेज बंद होतं. बाई दिवसभर घरात होत्या, पण लक्ष घरात नव्हतं. चहात साखर दोनदा पडली. आनंदरावांनी कप खाली ठेवला.

"बंद पडते ती कशी पडते? आचके देत देत, की एकदम?"

"एकदम. बटण दाबल्यागत."

"मग पेट्रोलचं काही नाही," आनंदराव म्हणाले. "पेट्रोल कमी पडलं की ती आधी दोन-तीन धक्के देते, मग मान टाकते. चौमूच्या रस्त्याला मला तीनदा तसं झालंय. एकदम जाते ती वीज जाते."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अर्धा रस्ता या माणसानं खुर्चीत बसल्या बसल्या संपवला होता. कार्ब्युरेटर उघडायचा विचार त्यांनी सोडून दिला.

बुधवारी सकाळी त्या गॅरेज उघडायच्या आधीच कडुनिंबाखाली उभ्या होत्या. उद्या तपासणी. त्यांनी टेस्ट लॅम्पची एक वायर, ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलच्या त्या टोकाला लावली जिथून वीज डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरी इंजिनाला. गाडी सुरू केली. बल्ब भराभर लुकलुकू लागला, जसं व्हायला हवं तसं. आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या, उघडमीट करत होते आणि बल्ब त्यांच्याबरोबर.

"आता वेग द्या, सावकाश."

छीतरमलजींनी पाय दाबला. इंजिन चढलं, आणि विझण्याच्या क्षणी बल्ब लुकलुकायचा थांबून स्थिर पेटला.

रत्नमालाबाई बल्बकडे झुकल्या. हा फॉल्ट त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. वीज कॉइलपर्यंत येत होती, कॉइलमधून निघत होती, आणि पुढे पॉइंटपर्यंतच्या चार बोटांच्या वाटेत कुठेतरी हरवत होती. तीही फक्त वेग वाढल्यावर.

"वेग वाढला की या डब्यात काही हलतं का?"

"हलतं ना. पॉइंटची पट्टी थोडी सरकते. ठिणगी जरा लवकर पडावी म्हणून."

"आणि तिच्याबरोबर ही वायरसुद्धा?"

झाकण उघडून त्यांनी आत बोट घातलं. कॉइलकडून येणारी बारीक वायर पट्टीला जोडलेली होती. दिसायला अगदी धड, आवरणाला ओरखडासुद्धा नाही. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू केली, पट्टी हातानं हलकेच सरकवली. बल्ब पेटला. सोडली, विझला. सरकवली, पेटला.

बाईंनी दोन चिमटींत वायर धरली आणि अलगद ताणली. एका जागी ती रबरासारखी लांबली.

"बघा," त्या म्हणाल्या. "आतलं तांबं तुटलंय. वरचं आवरण फक्त शाबूत आहे. उभ्या गाडीत तुटकी टोकं एकमेकांना टेकून असतात. पट्टी सरकली की दूर जातात."

असे तांब्याचे हजारो तुटके जोड त्यांनी जमिनीखालून शोधून दिले होते, एकही स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता. हा पहिलाच त्यांच्या चिमटीत होता. छीतरमलजी वाकून पाहत होते आणि वेल्डिंगवाला त्यांच्या खांद्यावरून. बाईंनी ती जागा दोघांना नीट दिसेल अशी उजेडाकडे वळवली.

वायर बदलायची होती, पण कसली लावायची? पिशवीतली वायर जाड, एका कांबीची. रोज हजार वेळा हलणाऱ्या जागी ती आठवड्यात तुटली असती. तिथे केसासारख्या बारीक तारांची, दोऱ्यासारखी लवचीक वायर हवी. छीतरमलजी बाजारात बघून येतो म्हणाले. बाईंनी आपल्या मीटरकडे पाहिलं. त्याच्या पिनांच्या वायरी बरोबर तशाच होत्या, कितीही वाकवा, मोडत नाहीत. त्यांनी पक्कड उचलली आणि काळ्या वायरीचा वीतभर तुकडा कापून घेतला.

"अरे, मीटर खराब केला तुम्ही," छीतरमलजी हळहळले.

"एक पिन आखूड झाली. एवढंच."

दोन्ही टोकं डागली, झाकण लावलं, किल्ली फिरवली. छीतरमलजींनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि हळूहळू दाबत गेले. आवाज चढला, आणखी चढला, पत्रा थरथरायला लागला, कडुनिंबाची चार पानं गळली. गाडी बंद पडली नाही. पाय काढला तसा आवाज गुळगुळीत खाली आला आणि शिवणयंत्र पुन्हा चालू झालं.

बाईंनी घरी फोन लावला आणि काही न बोलता तो बॉनेटपाशी धरला. बऱ्याच वेळानं कानाला लावला तर आनंदराव बोलत होते. "चारही बरोबर मारतायत, रत्ना. एकही चुकत नाही. ऐकतोय मी."

त्या दुपारी झोटवाड्यापासून तिलक नगरपर्यंत फियाट त्यांनी स्वतः चालवत आणली. सिग्नलला थांबतानाही गाडी एका लयीत चालत होती. फाटकाशी हॉर्न दिला. आनंदराव आधीच बाहेर येऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी हात पुढे केला आणि दाराचं हँडल एका झटक्यात पकडलं.

गुरुवारी तपासणीच्या रांगेत त्यांच्या पुढेमागे सगळ्या नव्या गाड्या. तपासणारा अधिकारी तरुण होता. त्यानं दिवे पाहिले, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहिले, चेसिसचा नंबर ताडला, मग बॉनेट उघडायला लावून किल्ली फिरवायला सांगितली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो जरा वेळ इंजिनाकडे बघत राहिला.

"हे इतकं व्यवस्थित काम कुठे केलंत?"

"इंजन का झोटवाड़ा के छीतरमलजी ने," आतून आनंदराव म्हणाले, "और बिजली का सारा काम हमारी मिसेज ने किया है."

अधिकाऱ्यानं वाकून स्टिअरिंगमागच्या, साडी नेसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

घरी जायचं तर डावीकडे वळायचं होतं. बाईंनी उजवीकडे वळवली. थोड्या वेळानं आनंदरावांनी काच खाली केली, चेहरा वाऱ्यावर धरला आणि म्हणाले, "हा सीकरचा रस्ता आहे."

"हो."

"चौमूला चाललोय का आपण?"

"भंवरलालजींना भेटून किती महिने झाले तुम्हाला?"

भंवरलालजी आनंदरावांचे जुने सहकारी, निवृत्तीनंतर चौमूला राहायला गेलेले. साठच्या वेगानं गाडी पळत होती, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं होती आणि आनंदराव वळणं मोजत होते. त्यांनी एकही चुकवलं नाही. भंवरलालजींच्या दारात दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि मग आनंदरावांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, चोकच्या तारेपासून. त्यात रत्नमालाबाईंनी सात-आठ वेळा कौतुकातली अतिशयोक्ती दुरुस्त केली आणि मग नाद सोडला.

पंधरा दिवसांनी छीतरमलजींचा फोन आला. एक जुनी जीप आली होती, दिवे लावले की हॉर्न वाजायचा. बहनजींना वेळ असेल तर. बहनजींना वेळ होता. त्यानंतर एक ॲम्बेसेडर, मग गोदामाचा टेम्पो, मग एका निवृत्त सुभेदारांची मोटरसायकल. सुभेदार आठल्ये कोल्हापूरचे, त्यांना गॅरेजात मराठी ऐकून इतका आनंद झाला की मोटरसायकल राहिली बाजूला आणि ते तासभर गप्पा मारत बसले. बाजारातला वायरिंगवालाही एकदा आला, जरा लांब उभा राहून पाहू लागला. बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि मीटर त्याच्या हातात दिला.

त्यांची मुलगी तनया अजमेरला शाळेत शिकवते. जयपुरात वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. तिनं फोनवर विचारलं, "आई, मतलब तू आता रोज गॅरेजमध्ये बसणार?"

"रोज नाही ग. मंगळवार आणि शुक्रवार."

"आणि बाबा?"

"ते माझ्याबरोबर येतात. आवाज ऐकायला. इंजिनाचं त्यांना ऐकूनच कळतं, मला नाही कळत. छीतरजी त्यांना कडुनिंबाखाली खुर्ची टाकून देतात."

तनया हसली. मग म्हणाली, "मी रविवारी येते. मला पण बघायचं आहे."

मार्चमध्ये गॅरेजचा जुना फलक रंगवायला काढला. छीतरमलजींनी रंगाऱ्याला सांगून आपल्या नावाखाली दुसरी ओळ लिहून घेतली: 'बिजली का काम: श्रीमती रत्नमाला पोल'. बाई आल्या, फलक पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. जयपूरच्या टेलिफोन खात्यात तीस वर्षं त्यांचं नाव असंच लिहिलं गेलं होतं. हजेरीपटावर पोल, ओळखपत्रावर पोल, निरोपाच्या मानपत्रावरसुद्धा पोल. पोल म्हणजे खांब, आणि त्या टेलिफोनच्या खात्यात, त्यामुळे चेष्टेला तोटा नव्हता. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं.

"भैया," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "शेवटचं अक्षर चुकलंय."

"ल ही तो है, मैडम."

"ल नाही. ळ." त्यांनी छीतरमलजींच्या टेबलावरचा खडू घेतला आणि जमिनीवर ते अक्षर काढून दाखवलं, दोन गोल गाठी, मध्ये वळण. रंगाऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं. आनंदराव खुर्चीतून म्हणाले, "पोळ. जीभ मागे वळवून म्हणा." छीतरमलजी सहजच म्हणाले, त्यांच्या ढूंढाडी बोलीत तो उच्चार होताच. रंगाऱ्यानं ल पुसला, आधी खडूनं दोनदा गिरवून पाहिलं आणि मग लाल रंगात ब्रश बुडवला.

अक्षर जरासं मोठं आलं, बाकीच्या अक्षरांहून थोडं वर चढलेलं. पण होतं ळच. रत्नमालाबाई ते वाळेपर्यंत तिथेच उभ्या होत्या, आणि तोवर दारात एक हिरवी जीप दुरुस्तीला येऊन थांबली होती.